हरणाबाईचा भोंगा

१

रोज सकाळी चहा झाला की रणधीर आईचा आवाज घेऊन रानात जायचा आणि खांबाला टांगून यायचा.

आवाज म्हणजे भोंगा. नळदुर्गच्या बाजारात हातगाड्यावर मिळतो तसला, लाल, चार्जिंगचा. बटण दाबून त्यात एकदा ओरडायचं, की तो तेच दिवसभर ओरडत बसतो. हुरड्याच्या दिवसात जळकोटच्या शिवारात खांबाखांबाला भोंगे लागले होते. कुणी कुत्र्याचं भुंकणं भरलं होतं, कुणी फटाके. एकानं बायकोचं भांडण भरलं होतं आणि त्याच्या रानात खरंच पाखरू फिरकत नव्हतं.

रणधीरच्या भोंग्यात त्याची आई होती. "हाऽऽऽ, हाल्या हाल्या, उठा गं सटव्यांनो, हाऽऽऽ." मग जरा गप्प. मग परत तेच.

रान तसं लांबोडकं. एका टोकाला हायवे आणि त्याच्या कडेला रणधीरचं पंक्चरचं दुकान. दुसऱ्या टोकाला ओढ्यापलीकडं घर. मधे ज्वारी, ज्वारीच्या पोटात बिनकठड्याची जुनी विहीर, आणि विहिरीला लागून माळा. लग्न होऊन आल्यापासून हरणाबाईनं त्याच माळ्यावर उभं राहून पाखरं राखली. गोफण तर होतीच, पण तिला गोफणीची गरज नव्हती. ती ओरडली की हायवेवरचा ट्रकवाला ब्रेक मारायचा.

गेल्या साली माळ्याची बल्ली मोडली आणि ती खाली आली. विहिरीच्या तोंडाशी. चार बोटं इकडं पडली म्हणून खुब्यात पट्टी बसवून भागलं. डॉक्टर म्हणाले, चढउतार बंद. हरणाबाई 'बरं' म्हणाली आणि काठी टेकता यायला लागल्याबरोबर परत माळ्यावर जाऊन बसली.

रणधीरचं टाळकं फिरलं. त्यानं कुऱ्हाड घेतली आणि माळा तोडला. एक खांब तेवढा ठेवला, भोंग्यासाठी. अंगणात तिच्यासमोर भोंगा धरला आणि म्हणाला, "ओरड."

"म्या जित्ती असताना माझा आवाज टांगतूस व्हय रं?"

"व्हय. तू टांगली जाण्यापेक्षा बरं."

ती ओरडली. पण त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. भोंगाच बोलायचा. दुकानात येणारे विचारायचे, "काय रणधीर, आईला चार्जिंगला लावलं का न्हाय रातच्याला?" रणधीर हसायचा नाही. त्याला यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. आई घरात होती, खुबा जागेवर होता, पाखरं उडत होती.

२

एका दुपारी तो ट्यूब घासत बसला होता. रानातून आवाज चालू होता आणि त्याच्याकडं त्याचं लक्ष नव्हतं, जसं घड्याळाकडं नसतं.

"हाऽऽऽ, हाल्या हाल्या, उठा गं सटव्यांनो, हाऽऽऽ."

मग गप्प.

मग कुणीतरी दम घेतला. धापा टाकत, नाकातोंडात काही गेल्यासारखा. आणि भोंगा म्हणाला, "रणधीर."

त्याचा हात थांबला. परत हाऽऽऽ झालं, हाल्या झालं, सटव्या झाल्या. नाव आलं नाही.

सोल्युशनचा वास डोक्यात जातो, हे त्याला माहीत होतं. पण त्यात आईचा आवाज येतो असं अजून कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी भोंगा घरी आणून तो मांडीवर घेऊन बसला आणि ऐकत राहिला. सोनाली भाकरी टाकता टाकता बघत होती. तिच्या नवऱ्याच्या मांडीवर सासू ओरडत होती आणि सासू चुलीपाशी तुरी निवडत होती.

"आये, भरताना तू माझं नाव घेतलं हुतं का?"

"तुझं नाव घेऊन पाखरं उडतीत व्हय?" हरणाबाई म्हणाली. "उडत असतीली तर सांग, घेते."

सोनालीला हसू आलं. रणधीरनं ताट सरकवलं आणि उठला. त्याला राग कशाचा आला ते त्यालाही कळलं नाही, पण आला.

३

दोन-तीन दिवसांनी परत. या वेळी दुपार डोक्यावर होती आणि कंप्रेसर बंद होता, त्यामुळं चुकायला जागा नव्हती.

"रणधीर, दोर टाक."

आवाज आईचाच. पण उघड्या रानातला नव्हता. भोवती भिंती असल्यासारखा, गोल फिरून वर आल्यासारखा आणि ओला. आवाज ओला कसा असतो ते सांगता येत नाही, पण ऐकला की कळतं.

तो ज्वारीतून पळाला. पानं तोंडावर फटाफटा लागत होती. विहिरीच्या काठावर येऊन त्यानं आत बघितलं. हिरवं पाणी, मोटारीचा पाइप, कपारीत पारवे. दोर रहाटाला गुंडाळलेला, बादली अडकवलेली. खांबावर भोंगा आपलं काम करत होता.

तो तसाच घराकडं पळाला, ओढा ओलांडून. हरणाबाई सोप्यात बसून डोक्याला तेल लावत होती.

"कुठं गेलतीस?"

"कुठं जाते? तूच खुट्ट्याला बांधलंस की."

"रानात गेलतीस का न्हाय सांग."

"म्या गेले आसते तर तुला इचारून गेले आसते व्हय?"

तो तिच्यावर ओरडला. पायात चप्पल नव्हती, तोंडावर ओरखडे होते, छाती भात्यासारखी चालली होती आणि समोर म्हातारी तेल लावत बसली होती. माणूस जिवंत सापडला म्हणून एवढं ओरडणारा माणूस त्या वस्तीवर कुणी पाहिला नव्हता. हरणाबाईनं शांतपणे तेलाची वाटी झाकली.

"सोनाली," ती म्हणाली, "ह्येच्या डोक्यालाबी लाव जरा."

४

रात्रभर विचार करून रणधीरनं कारण शोधून काढलं. कारणाचं नाव होतं महांतेश.

महांतेश हा बांधापलीकडच्या ईरण्णाचा पोरगा. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आवाज काढायचा. सरपंचाचा काढायचा, तलाठ्याचा काढायचा, एसटी चढाला लागल्याचा काढायचा. हरणाबाईचाही काढत असणार. विहिरीत तोंड घालून काढत असणार. तरीच तो गोल फिरलेला आवाज. रणधीरला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याबरोबर भयंकर संताप आला.

तो ईरण्णाच्या गोठ्यात शिरला. महांतेश म्हशीला वैरण टाकत होता. रणधीरनं सरळ त्याच्या कानाखाली काढली.

"येनप्पा हे," ईरण्णा बाजेवरून उठला. "पोराला कामून मारायलास?"

"इचारा त्येला. माझ्या आईचा आवाज काढायलाय. इहिरीत पडल्याचा."

महांतेशच्या तोंडात मावा होता. तो गाल धरून उभा होता, डोळ्यांत पाणी, तोंड गच्च मिटलेलं, कारण उघडलं असतं तर सगळं अंगावर आलं असतं. तेवढ्यात ज्वारीतून आवाज आला.

"रणधीर, दोर टाक रं."

रणधीर महांतेशच्या तोंडाकडं बघत राहिला. ते मिटलेलंच होतं.

"काका, ऐकलं?"

"काय?"

"आत्ता. आईचा आवाज."

"मग? रोजच अस्तोय की." ईरण्णानं म्हशीच्या पाठीवर हात मारला. "हिलाबी सवय झाली बघ. पहिलं पहिलं दूध चोरायची, आता तुझ्या आईचा आवाज आल्याबिगर पान्हाच सोडत न्हाय."

"पण दोर टाक म्हणली ती."

"भोंग्यातलं कोण कान देऊन ऐकतंय बे? हा हू चालतंय, चालतंय."

तिघंही खांबापाशी गेले. भोंगा गप्प होता. लाल दिवा विझलेला, चार्जिंग संपलेलं. कधी संपलं होतं ते सांगता येत नव्हतं. ईरण्णा म्हणाला की मरता मरता एखादा शब्द सुटतो असल्या चायना मालातून. महांतेशनं एवढ्या वेळानं थुंकून तोंड मोकळं केलं आणि तो म्हणाला, "दादा, मारायच्या आधी इचारत जावा."

रणधीरनं माफी मागितली नाही. ज्याच्यावर रागवायचं तो माणूसच हातातून निसटला होता, आणि राग तसाच राहिला होता, भरलेल्या ट्यूबसारखा.

५

मग त्यानं तो राग विहिरीवर काढला.

आईला या विहिरीपासून लांब ठेवायचं, बास. आवाज कुणाचा, कशाचा, हे खड्ड्यात गेलं. आई इथं येते कशाला? पाणी शेंदायला. नळाचं पाणी तिला गोड लागत नाही. दोर आहे म्हणून येते. त्यानं रहाटाचा दोर सोडला, बादली काढली. दोर दुकानात नेऊन कापला आणि त्याच्या तुकड्यांनी जुने टायर बांधले. विहिरीच्या पायवाटेवर बाभळीचे काटे ओढून टाकले, माणसाच्या छातीएवढे.

आणि भोंग्यातला आईचा आवाज पुसून टाकला.

पुसताना बटण जरा जास्तच जोरात दाबलं त्यानं. मग भोंगा तोंडाला लावून स्वतः ओरडला. काय ओरडला ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात पाखरं होती, पाखरांच्या आया होत्या, विहीर होती, भोंगा विकणारा होता. शेवटी नुसतंच "आऽऽऽ" होतं, दोन्ही हातांनी कुणाचा तरी गळा धरल्यासारखं.

संध्याकाळी हरणाबाईनं ते घरातून ऐकलं.

"माझी नोकरी गेली का?"

"गेली."

"तुला लागली?"

"लागली."

"पगार काय देत्यात?"

"तू गप घरात बस, त्योच पगार."

 हरणाबाई नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओढ्यापलीकडं जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "माझी लई काळजी करतूस रं. पण आरडून करतूस."

पुढचे चार दिवस बरे गेले. शिवारभर रणधीरच्या शिव्या ऐकू जात होत्या. बायका त्या वाटेनं जायचं टाळत होत्या. पाखरं आली नाहीत. आईचा आवाजही आला नाही. रणधीर ट्यूब घासता घासता एकदा शीळसुद्धा वाजवत होता म्हणे.

६

त्या दिवशी दुकानात कर्नाटकची गाडी लागली होती. मागचं आतलं चाक. ड्रायव्हर सावलीला बसून कलिंगड खात होता. रानातून रणधीर पाखरांना शिव्या घालत होता आणि इथं रणधीर जॅक लावत होता.

शिव्या संपल्या. "आऽऽऽ" झालं. गप्प झालं.

"रणधीर, दोर टाक रं."

त्याच्या हातातली लोखंडी टामी खाली पडली.

पुसला होता. स्वतःच्या हातानं पुसला होता तो आवाज. दोर नव्हता, वाटेवर काटे होते, आई घरात होती. दोनदा तो येड्यासारखा पळाला होता. पळाला की आई तेल लावत बसलेली. पळाला की महांतेशच्या तोंडात मावा. आता परत पळायचं, परत काटे तुडवायचे, परत आत हिरवं पाणी बघायचं आणि जे कुणी तिथं बसून त्याला नाचवत होतं त्याला परत हसू द्यायचं.

"रणधीर. लवकर ये."

"न्हाय येत," तो दात खाऊन म्हणाला.

"कोई बुला रहा है," ड्रायव्हर म्हणाला.

"भोंगा हाय. चिडियाँ के वास्ते."

"अच्छा." ड्रायव्हरनं कलिंगडाची बी थुंकली. "बहुत अच्छा आवाज है. असली लगता है."

रणधीरनं कंप्रेसर चालू केला. फटफट सुरू झाली आणि तिच्याखाली सगळं बुडालं. चाक झालं. गाडी गेली. कंप्रेसर बंद केला तर आवाज होताच, पण बारीक. शब्द तुटत होते. "रण... दोर... रणधीर..." मधे त्याच्या स्वतःच्या शिव्या यायच्या, दणकट, मग परत ती बारीक हाक.

उतरत आलंय चार्जिंग, तो स्वतःशी म्हणाला.

पुढं चहा पिता पिता त्याच्या लक्षात आलं की नुसत्या शिव्याच येतायत. हाक थांबली. त्याला बरं वाटलं. पहिल्यांदाच त्यानं दाद दिली नव्हती आणि पहिल्यांदाच समोरच्यानं हार मानली होती.

७

दिवेलागणीला तो घरी आला. सोनाली दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"आत्या कुठं हायत?"

"मला काय इचारतीस? घरात आसंल."

"तुमच्याकडंच आल्या की. तुमीच हाक मारली."

रणधीरनं गाडी स्टँडला लावली. स्टँड नीट लागलं नाही, गाडी आडवी झाली, ती त्यानं उचलली नाही.

"कवा?"

"दुपारी. रानातून. 'आये, दोर आण' म्हणून आरडत हुता. म्याबी ऐकलं. म्या म्हणलं, आत्या, भोंगा हाय त्यो, ह्येंचाच आवाज भरलाय. तर आत्या म्हणल्या..." 

"काय म्हणली?"

"म्हणल्या, भोंगा 'आये' म्हणत नसतो. आन कडबा बांधायचा दोर घेऊन निघाल्या. काठी इथंच टाकून. म्या मागं लागले, तर म्हणल्या भाकरी करपंल, तू बघ, म्या आलेच त्येला घेऊन."

रानात अजून शिव्या चालू होत्या. दोघंही ऐकत उभे राहिले. त्यात कुठंही 'आये' नव्हतं.

८

बाभळीचे काटे बाजूला सारलेले होते. हातानं. काट्यांवर रक्त होतं आणि लुगड्याचा तुकडा.

रणधीरचा हात अंधुक उजेडात आधी रहाटावर गेला, दोरासाठी. रहाट मोकळा होता. दोर दुकानात होता, टायरांना बांधलेला, तुकडे केलेला. तो मोकळ्या रहाटावर हात फिरवत राहिला, जणू चाचपडलं की सापडेल.

ईरण्णा आणि महांतेश बॅटरी घेऊन आले. महांतेश कपारीत पाय देत खाली उतरला. हरणाबाई मोटारीच्या पाइपाला मिठी मारून होती. हात सोडवायला वेळ लागला.

"म्या ऐकत हुतो की," ईरण्णा सारखं म्हणत होता. कुणाला म्हणत होता कळत नव्हतं. "दुपारभर ऐकत हुतो. म्हशीनं पान्हा सोडला. म्या म्हणलं, परत आईचाच आवाज भरला वाटतं पोरानं. बरं झालं म्हणलं, शिव्यापेक्षा बरं."

तिच्या कमरेला दोराचं एक टोक बांधलेलं होतं. खुब्यात जोर नव्हता ना, हातानं ओढणं जमणार नाही म्हणून कमरेला बांधलं असणार आणि दुसरं टोक खाली टाकलं असणार. खाली जो होता त्याला.

तिला वर घेतलं तरी दोर संपत नव्हता. तो पाण्यात सरळ खाली गेला होता. रणधीरनं ओढला तर आला नाही. महांतेशनं हात लावला, ईरण्णानं लावला.

"कशात आडकलाय," ईरण्णा म्हणाला.

मग खालून एक हिसका बसला. अडकलेली वस्तू हिसका देत नाही. तिघांनाही तो हातांत कळला. दुसऱ्या क्षणी दोर ढिला पडला आणि सरसर वर आला. टोकाला फास होता. माणसाच्या काखेखालून जाईल एवढा, पक्का, दुहेरी पीळ देऊन मारलेल्या गाठीचा. तसली गाठ हरणाबाईला येत नव्हती. तसली गाठ टायर बांधायला मारतात. त्या शिवारात ती एकालाच येत होती.

रणधीरनं ती गाठ बघितली. मग खांबावरून भोंगा ओढून काढला, दगडावर आपटला, परत आपटला, त्याच्या चिंधड्या झाल्या तरी आपटत राहिला. महांतेश तोवर गावाकडं पळाला होता आणि ईरण्णा हरणाबाईच्या अंगावर आपला पटका पांघरत होता. भोंग्याचे तुकडे गोळा करून रणधीरनं विहिरीत टाकले.

"घे," तो म्हणाला. "आता बोल."

९

दहावा ओढ्याकाठी होता. रणधीरचं डोकं तुळतुळीत केलेलं. चुलते उत्तरेश्वर पुढं बसलेले, गुरुजी घाईत, पिंड मांडलेला. भावकी रुमाल टाकून सावलीत. ज्वारी अजून उभीच होती, पुरुषभर उंच, त्यामुळं इथून विहीर दिसत नव्हती.

कावळे भरपूर होते. राखणच नव्हती ना दहा दिवस. शिवारभरची पाखरं रणधीरच्या रानात जेवत होती. एक कावळा पिंडाजवळ उतरला. उड्या मारत आला. मान तिरपी केली.

"हाऽऽऽ, हाल्या हाल्या, उठा गं सटव्यांनो, हाऽऽऽ."

कावळा उडाला. ज्वारीतून पाखरांचा सगळा थवाच्या थवा उठला.

"आरं, भोंगा तरी बंद करायचा आजच्या दिस," उत्तरेश्वर म्हणाले.

भोंगा तुकडे होऊन विहिरीत गेला होता. ते सोनालीला माहीत नव्हतं, भावकीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं पिंडाकडं बघितलं.

परत कावळा आला. परत हाऽऽऽ झालं. भावकीतल्या बायका आता शपथा घ्यायला लागल्या. हरणाबाई, सुनेला नीट सांभाळू. हरणाबाई, ज्वारी वेळेवर काढू. कुणीतरी म्हणालं, इहीर बुजवू. कावळा वरच्या फांदीवर बसून ऐकून घेत होता आणि खाली यायचा, की आवाज त्याला हाकलायचा. जन्मभर जे काम केलं ते हरणाबाई स्वतःच्या पिंडावरही चोख करत होती.

"आमच्यात हे कावळ्याचं नस्तंय," ईरण्णा हळूच म्हणाला. "बरं हाय एका अर्थी."

गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. उत्तरेश्वर चिडले. "खरे कावळे हायती की बसलेले. आधी त्यो भोंगा बंद कर जा रं रणधीर. तुझ्या आईला जेवू दे."

'तुझ्या आईला जेवू दे' हे त्याला लागलं. तो उठला.

"आन एक ध्यानात ठेव," चुलते मागून म्हणाले. "कावळा शिवला की आमी निघणार. पाय धुवून नीट घरला. मागं वळून बघायचं नसतंय कुणी. तू इहिरीकडनंच ये."

१०

दोर काठावर तसाच पडला होता. पोलिसांनी बघितला, लोकांनी ओलांडला, घरी कुणी नेला नाही. टोकाला ती गाठ.

खांब मोकळा होता. रणधीर काठावर उभा राहिला आणि आत बघितलं. लख्ख दुपार होती, पाण्यात आभाळ होतं, आभाळात त्याचं तुळतुळीत डोकं होतं.

"रणधीर," आई म्हणाली. "दोर टाक रं."

सगळा राग वर आला. दहा दिवसांचा नाही, सगळाच. मोडलेल्या बल्लीचा, न ऐकणाऱ्या म्हातारीचा, हसणाऱ्या गिऱ्हाइकांचा, कंप्रेसरचा. ती बोलावत होती तेव्हा गेला नाही, आणि नव्हती तेव्हा पळत होता. त्यानं दोराचं एक टोक मनगटाला गुंडाळून गाठ मारली आणि फास खाली भिरकावला.

"घे. घे टाकला. आता तरी गप बस."

दोर पाण्यात गेला. थोडा वेळ तरंगला. मग ताणला.

तिकडं ज्वारीपलीकडं एकदम गलका झाला. "शिवला, शिवला." कुणीतरी हात जोडले असतील, कुणीतरी डोळे पुसले असतील. आवाज थांबला होता आणि कावळा पिंडाला शिवला होता.

रणधीरनं ओढलं. वजन होतं, पण आईचं नव्हतं. आईचं वजन त्याला माहीत होतं. तिला दवाखान्यात त्यानंच उचलून नेलं होतं, गवताची पेंढी तेवढी. हे दणकट होतं. ते दोर धरून वर येत होतं, किंवा त्याला खाली घेत होतं, दोन्हीत फरक कळत नव्हता. त्याचे पाय काठावरच्या मातीत घसरायला लागले. मनगटाचा पीळ सुटेना. गाठ त्यानं स्वतः मारली होती आणि पक्की मारली होती.

पाण्याच्या जरा खाली दोर धरलेला एक हात दिसला. मनगटापर्यंत काळा. ग्रीसनं आणि सोल्युशननं होतो तसा, साबणानं न निघणारा.

"आये," खालून कुणीतरी म्हणालं. त्याच्याच आवाजात.

तेव्हा रणधीर ओरडला. ज्वारीपलीकडं माणसं पाय धूत होती, वहाणा घालत होती, ते त्याला ऐकू येत होतं. तो ईरण्णाच्या नावानं ओरडला, सोनालीच्या नावानं ओरडला. मग नुसत्या शिव्या द्यायला लागला, सगळ्यांच्या नावानं, जोरात, जेवढा दम होता तेवढ्या.

पावलं घराकडं निघाली होती. मागं कुणी बघत नव्हतं.

"ऐका," उत्तरेश्वर कुणाला तरी म्हणत होते. "बंद करायला धाडला, तर ह्यो स्वतःचाच आवाज लावून बसला."